मुलगा पॉवरलिफ्टिंग सोडायचं म्हणतोय, आता नोकरीचं काय?

कोपरखैरणेहून एक वडील लिहितात: मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. मुलगा वीस वर्षांचा, वाशीला एस.वाय.बी.कॉम. करतो. राज्य स्पर्धेत पदक आलं की क्रीडा कोट्यातून पोलिसात लागेल, असं धरून चाललो होतो. पण गेल्या स्पर्धेत तो स्क्वॉटमध्येच, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठण्यातच, बाद झाला. त्याचे सर १८० किलोनं सुरुवात करू म्हणत होते. जिममध्ये २०० सहज मारतो म्हणून मी २०० लावायला सांगितलं. तिन्ही वेळा फसलं. तेव्हापासून कंबर दुखते, डाव्या पायात मुंग्या येतात म्हणतो, आणि खेळच सोडायचं म्हणतो. सर सांगतात, वर्षभर थांबू दे. पण साठी ओलांडलेले सर स्वतःच यंदा स्पर्धेतून निवृत्त होतायत, ते याला जिद्द काय शिकवणार? दुसरा एक कोच तीन महिन्यांत तयार करून देतो म्हणतोय, फक्त एक 'कोर्स' मारावा लागेल. आम्ही उभा जन्म गोण्या उचलल्या, कधी पाठ धरून बसलो नाही. तुम्ही मुलाला चार शब्द सांगा.

भाऊ, नमस्कार.

चार शब्द सांगते, पण ते तुम्हाला.

आधी त्या मुंग्या. पत्रात तुम्ही त्या ओझरत्या लिहून पुढे गेलात, माझी नजर मात्र तिथेच अडली. जड वजनानं कंबर भरून येते, चार दिवसांत उतरते. पायात मुंग्या येणं वेगळं. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली की असं होऊ शकतं. याच्या बाबतीत काय झालंय ते डॉक्टर तपासून सांगतील, ते माझं काम नाही. वाशीच्या महापालिका रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेल्यासारखी वाटली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ओपीडीची वाट न बघता रात्रीसुद्धा घेऊन जा. तोवर बारला हात नको.

तुम्ही कधी पाठ धरून बसला नाहीत, कारण बसलात तर त्या दिवसाची मजुरी जायची. त्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण मार्केटात तुमच्या वयाच्या किती जणांच्या कमरेला पट्टा आहे, किती जण खाली वाकताना आधी भिंतीला हात लावतात, हे तुम्ही रोज बघता. तुम्हाला नाइलाजानं जे सोसावं लागलं, तेच मुलानं आपणहून सोसावं, ही अपेक्षा मला पटत नाही.

आता १८० आणि २००. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच (आडवं पडून छातीवरून बार वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं) या तिन्हींत तीन-तीन प्रयत्न मिळतात, आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे एकूण वजन. पुकारलेलं वजन फसलं तर पुढच्या वेळी ते कमी करता येत नाही. तेच पुन्हा उचला किंवा वाढवा. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न फसले की एकूण वजनच निघत नाही, मग बेंच आणि डेडलिफ्ट कितीही चांगले गेले तरी एकूण क्रमवारीत नाव नाही. म्हणून अनुभवी कोच पहिला अटेम्प्ट मुद्दाम हलका ठेवतात, झोपेतून उठवलं तरी निघेल असा. जिममधल्या सहज २०० ला तीन पंच नसतात, तो पुरेसा खाली बसला का हे बघून लाल दिवा लावणारं कुणी नसतं, 'रॅक' म्हणेपर्यंत बार खांद्यावर धरून उभं राहायचं बंधन नसतं. सरांना हे ठाऊक होतं. मुलालाही असणार, पण ऐन स्पर्धेत बापाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. स्पष्टच लिहिते, तो निकाल तुमच्या निर्णयाचा होता आणि गेले काही महिने त्याची शिक्षा तो भोगतोय. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. मी कितीही लिहिलं तरी त्याला त्याचा तेवढा उपयोग नाही.

जिद्दीचं म्हणाल, तर मीराबाई चानूकडे बघा. तिचा खेळ वेटलिफ्टिंग, ऑलिंपिकमध्ये असलेला. पॉवरलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये नाही, पण तिच्यावर जे गुदरलं ते तुमच्या मुलाला लगेच कळेल. २०१६ ला रिओमध्ये तिचे क्लीन अँड जर्कचे, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याचे, तिन्ही प्रयत्न फसले आणि निकालात तिचं एकूण वजनच लागलं नाही. पुढच्या वर्षी ती जगज्जेती झाली. २०१८ मध्ये कंबर दुखावली, तेव्हा जगज्जेती असूनही ती आशियाई स्पर्धेला गेली नाही, थांबली. मग टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य घेतलं. त्या थांबण्याला कुणी पळपुटेपणा म्हटलं नाही. तुमचे सर मुलाकडे तेवढंच मागतायत.

आणि सर निवृत्त होतायत म्हणून त्यांचा शब्द हलका कसा झाला? साठीपर्यंत स्पर्धेत टिकलेला माणूस शरीर कधी ताणायचं आणि कधी सोडायचं हे शिकलेला असतो, नाहीतर तो चाळिशीतच संपला असता. आज ते स्वतःहून थांबतायत. मुलाला याहून चांगलं शिक्षण मला तरी सुचत नाही. शिवाय या खेळात दार कायमचं बंद होत नाही. ज्युनिअर गट तेविसाव्या वर्षापर्यंत, पुढे खुला गट, आणि मास्टर्स तर चाळिशीलाच सुरू होतो, सत्तरीपुढेही चालतो. तुमचा मुलगा वर्षभर थांबून परतला तरी ज्युनिअरमध्येच असेल. आणि परतावंसं वाटलंच नाही, तरी चार वर्षं वाया गेली असं कृपा करून त्याच्यासमोर म्हणू नका.

तो 'कोर्स' म्हणजे स्टेरॉइड्स. असा कोच दारात उभा करू नका. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत सापडला तर चार वर्षांपर्यंत बंदी, निकाल रद्द, पदक परत. आपल्या शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. 'कोचनं दिलं' म्हणून सुटका नाही. हृदय, यकृत आणि हार्मोन्सचं जे व्हायचं ते वेगळंच.

राज्याचं पदक आलं की नोकरी पक्की, या समजुतीवर अख्खं घर टेकवलंय तुम्ही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरं. पण त्यातही भरतीची परीक्षा द्यावीच लागते, आणि स्पर्धा असते ती पदकवाल्या इतर खेळाडूंशी. कोणत्या पदासाठी कोणत्या स्तराचं पदक चालतं, हे शासन निर्णयात दिलेलं असतं. प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा अनेक संघटना भरवतात, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचं पदक भरतीत कामाला येत नाही. ज्या स्पर्धेसाठी एवढा आटापिटा केला तिला मान्यता होती का, हे तुम्ही विचारलं होतं? आणि पोलीस शिपाई भरतीत १६०० मीटर धावायचं असतं, हा पाय घेऊन ते कसं होणार?

बी.कॉम. पूर्ण होऊ दे. बँक, एमपीएससी, सरळसेवा हे रस्ते पदवीनंतर उघडेच आहेत, त्यांचे क्लास गल्लोगल्ली मिळतील. खेळातच राहायचं असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) वेटलिफ्टिंग प्रशिक्षकाचा डिप्लोमा आहे. सध्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तर त्यानं सरांच्या हाताखाली नव्या पोरांचे अटेम्प्ट ठरवायला, ते पुरेसे खाली बसतात का हे बघायला शिकावं. शिकवण्यात गोडी आहे की नाही, हे त्याचं त्यालाच समजेल.

राहिली तुमची निवृत्ती. या सगळ्या घाईचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं, आणि ती काळजी अगदी खरी आहे. म्हणून तिचा हिशेब वेगळा मांडा. माथाडी मंडळात जाऊन भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे किती मिळणार, ते लेखी घ्या. घरखर्च त्यात किती महिने चालेल ते ताईंना सोबत घेऊन काढा. कमी पडत असेल तर मुलाला तसं सरळ सांगा. सकाळचं कॉलेज सांभाळून तो एखाद्या दुकानाच्या हिशेबाचं काम धरू शकेल, बी.कॉम.ला त्याचा फायदाच होईल. पण तुमच्या निवृत्तीची तारीख त्याच्या कमरेवर लादू नका.

दवाखान्यात मात्र याच आठवड्यात जा. तुम्ही सोबत असाल तर कुठे दुखतं आणि कधीपासून, हे त्यालाच सांगू द्या.