आईच्या डोक्याला रेडिएशन द्यायचं आहे. दोन आठवड्यांची रजा पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई कोरेगावला असते, स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलाय, कराडला पूर्ण डोक्याला रेडिएशनचे दहा शेक द्यायचे ठरलेत. तुम्ही पुण्यात नोकरीला, दोन आठवड्यांची रजा टाकलीय. तेवढी पुरेल का, आणि आईला किती सांगायचं?

सगळी रजा त्या दोन आठवड्यांत संपवू नका. निम्मी तरी नंतरसाठी ठेवा.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, फुप्फुसाचा कॅन्सर असाच मेंदूत गेला होता. आम्ही तासगावचे, शेक मिरजेत झाले. मी डॉक्टर नाही. घरात जे बघितलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, तेवढंच लिहिते. शेकाचे दिवस घरातलं कोणीही निभावून नेतं. जायचं, नंबर लावायचा, यायचं. शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून दहा शेकांना दोन आठवडे लागतात. मधे मशीन बंद पडलं तर एखादा दिवस पुढे जातो, तेवढ्याने घाबरू नका. खरा थकवा येतो तो शेवटच्या शेकानंतर. माणूस दिवसदिवस झोपून राहतो, जेवायला उठवावं लागतं, हे काही आठवडे चालतं. तोवर सगळ्यांच्या रजा संपलेल्या असतात आणि शेजारीपाजारी म्हणत असतात, "आता झालं ना सगळं?" त्या वेळी घरात माणूस लागतं.

आधी डॉक्टरांना दोन गोष्टी सरळ विचारा. गाठी किती आणि केवढ्या आहेत? थोड्या आणि लहान असतील तर काही जणांना पूर्ण डोक्याऐवजी फक्त गाठीवर नेमका डोस देता येतो. त्याला स्टिरिओटॅक्टिक म्हणतात. दुसरं, यातून मिळणार काय? बहुतेकदा हेतू डोकेदुखी, उलट्या, हातापायातली कमजोरी कमी करणं आणि आजार काही काळ आटोक्यात ठेवणं हा असतो. "बरं होणार ना?" असं विचारलं की डॉक्टरही गोलगोल बोलतात. "हेतू काय?" विचारलं की नीट सांगतात.

पहिल्या दिवशी शेक नसतो. मास्क आणि सीटी स्कॅन होतं. भोकाभोकांची पांढरी शीट गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ओढून बसवतात, काही मिनिटांत ती घट्ट होते. पुढे रोज तोच मास्क टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. अण्णांना लिफ्टसुद्धा सहन व्हायची नाही, त्यामुळे आम्हाला धास्ती होती. तिथल्या टेक्निशियनने त्यांना आधी मास्क हातात घेऊन बघू दिला, "हात वर केला की लगेच थांबवतो" म्हणाला, आणि ते झोपले. आत एकटंच राहावं लागतं, पण कॅमेऱ्यातून बघत असतात. दुखत नाही, भाजत नाही, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. बाहेर आले की कपाळावर जाळीचे वळ असायचे, चहा पिऊन होईपर्यंत निम्मे गेलेले. आईच्या कुड्या, चमकी, गळ्यातलं, कवळी असेल तर ती, सगळं घरीच काढून ठेवा. डोक्याला तेल, हळद, कसलाही लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. केस दोन-तीन आठवड्यांत जातात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. मऊ सुती स्कार्फ घेऊन ठेवा. आणि कोणी म्हणालंच की नातवंडांना जवळ जाऊ देऊ नका, तर ऐकू नका. असा बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत.

आता स्टिरॉइड. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात शेकापेक्षा गडबड या गोळीने केली. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात आणि त्याचा गुण लवकर दिसतो. तिरपे चालणारे अण्णा दोन दिवसांत अंगणात फिरायला लागले. पण भूक अशी की पहाटे तीनला पिठलं-भाकरी पाहिजे. झोप नाही, चिडचिड, आयुष्यात कधी माझ्या आईला उलटून न बोललेला माणूस भांडं आपटायला लागला. चेहरा गोल झाला तर येणारे-जाणारे म्हणायचे, "अण्णा, तब्येत सुधारली की!" त्यांना मधुमेह नव्हता, तरी साखर चढली. तेव्हा घरी ग्लुकोमीटर ठेवा, आणि किती वेळा तपासायची ते विचारून घ्या. दिवसाचा दुसरा डोस दुपारीच देता येईल का तेही विचारा, संध्याकाळी दिला की रात्र जागण्यात जाते. पित्ताची गोळी सोबत आहे ना बघा. तोंडात पांढरे चट्टे आले तर ती बुरशी असते, औषधाने जाते. मांड्यांतली ताकदही कमी होते. खाली बसलेला माणूस उठू शकत नाही, म्हणून कमोडची खुर्ची लवकर आणा, पडल्यावर नको. आणि कोणी कितीही सांगितलं, "स्टिरॉइड वाईट, बंद करा," तरी अचानक बंद करायची नाही. डॉक्टर हळूहळू उतरवतात. कोणत्या तारखेपासून किती गोळी, हे एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

फिट येऊ शकते. आली तर आईला कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागेल असं काही असेल ते बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या सुरू झाल्या, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, किंवा उठवूनही नीट जागी होत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, ज्या रुग्णालयाचा समावेश आहे तिथे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा रुग्णालयातला माणूस) आधी भेटा, मंजुरी आल्यावरच पहिला शेक घ्या. नंतर कागद फिरवणं फार जड जातं.

कोरेगाव-कराड रोज जाऊन-येऊन होईल, पण आईला गाडीत मळमळत असेल तर कराडला ओळखीत खोली बघा. भेटायला येणाऱ्यांना दुपारची वेळ द्या आणि केळी-चिकू आणू नका म्हणून सांगा (साखर!). त्यापेक्षा दोन तास आईजवळ बसा म्हणावं, म्हणजे घरातल्या बाईला आंघोळ आणि झोप मिळेल. आमच्याकडे ती वहिनी होती. तिची विचारपूस सगळ्यात शेवटी व्हायची.

राहिलं आईला सांगायचं. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारा. "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगू, की मीच बघू?" एवढा प्रश्न पुरतो. अण्णांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं आणि ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात बेदाण्याचं कोणाकडून किती येणं आहे ते दादाला लिहून घ्यायला लावलं, बँकेत वारसाचं नाव घातलं, आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचं नाही तेही सांगितलं. पुढचा द्राक्षहंगाम त्यांनी बघितला, बागेत खुर्ची टाकून. नंतर आठवण पुसट होत गेली, कालचं आज आठवेना. मेंदूच्या आजाराने आणि शेकानेही असं होऊ शकतं. म्हणून आईला काही सांगायचं असेल, कुठे सही करायची असेल, कोणाला भेटायचं असेल, तर सूज उतरून डोकं हलकं वाटायला लागेल त्या पहिल्या दिवसांतच करून घ्या. रजेतले दोन दिवस त्यासाठी धरा.