कोन 6 चं पारदर्शक ग्लेझ घरी बनवलं, तर ते जेवणाच्या भांड्यांना चालेल हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत कप आणि वाडगे कोन 6 ला, म्हणजे साधारण 1,220 ते 1,240 अंश सेल्सिअसच्या आचेला भाजता, तयार ग्लेझ (भांड्यावर वितळून काच होणारा लेप) महाग पडतं म्हणून पारदर्शक ग्लेझ स्वतः कालवलं, त्यावर रात्रभर लिंबाची फोड ठेवली आणि डाग पडला नाही. एवढं पुरे का?

नाही, पुरे नाही. काही वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीला आमटीच्या वाडग्यांचा संच करून दिला होता. भट्टीतून निघाले तेव्हा काचेसारखे नितळ होते आणि लिंबाने त्यांना काही झालं नव्हतं. दोन महिन्यांनी तिच्याकडे जेवायला गेले, तर वाडग्यांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पिवळ्या रेघा. हळद आत शिरली होती. ग्लेझमध्ये विषारी काहीच नव्हतं, पण ते माझ्या मातीशी जुळत नव्हतं. मी सगळा संच परत घेतला.

म्हणून आधी माती बघा. भाजलेला, ग्लेझ न लावलेला तुकडा कोरडा असताना वजन करा, पाच तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. वजन दोन टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती माती कोन 6 ला पुरती भाजलेली नाही. अशा मातीवर ग्लेझला एक केसाएवढी चीर गेली तरी आमटीचं पाणी आत झिरपणार आणि तिथे कुजणार. आपल्याकडची नदीकाठची लाल माती तर या तापमानाला बसतेच, म्हणजे आकारच सोडते. तिथे स्टोनवेअरचीच, म्हणजे जास्त आचेला घट्ट भाजली जाणारी माती हवी.

आता ग्लेझ. सुरुवात करायला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते जुनं पाच समभागांचं मिश्रण: वोलॅस्टोनाइट, पोटॅश फेल्डस्पार, चायना क्ले, क्वार्ट्झ आणि फ्रिट 3134 (फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच), प्रत्येकी 20 भाग. फ्लक्सची, म्हणजे मिश्रण वितळवणाऱ्या ऑक्साइडांची, रेणूंच्या संख्येत बेरीज 1 धरून हिशेब केला तर सिलिका 3.4 च्या आसपास, ॲल्युमिना 0.34, बोरॉन 0.21 येतं. सिलिका ॲल्युमिनाच्या दसपट, म्हणजे ग्लेझ चकचकीत येतं त्या पट्ट्यात. बोरॉन एवढं असल्यामुळे ते 1,220 ते 1,240 अंशांना नीट वितळतं. हे महत्त्वाचं आहे, कारण अर्धवट वितळलेलं ग्लेझ दिसायला चकचकीत असलं तरी आंबट पदार्थ त्यातून काही ना काही ओढून घेतात. वोलॅस्टोनाइट राजस्थानातलं मिळतं आणि त्यातून व्हाइटिंगसारखा (म्हणजे खडूच्या पुडीसारखा) कार्बन डायऑक्साइड निघत नाही, त्यामुळे बुडबुडे कमी होतात.

फ्रिट घेताना मात्र नुसत्या नंबरावर जाऊ नका. विक्रेत्याकडून रासायनिक पृथक्करणाचा कागद मागा: सोडियम ऑक्साइड साधारण 10 टक्के, कॅल्शियम ऑक्साइड 20, बोरॉन ऑक्साइड 23, बाकी सिलिका. शिसं शून्य. कागद मिळत नसेल तर माल घेऊ नका. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, आणि कमी आचेच्या ग्लेझमध्ये तो पूर्वापार वापरला गेलाय. कोन 6 ला शिशाची गरजच नाही. बेरियम आणि लिथियमही या कामात लागत नाहीत, मी ते ठेवतच नाही.

80 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. 100 मिलि ग्लेझचं वजन 145 ग्रॅमच्या आसपास भरेल इतकं पातळ ठेवा. जाड थर दिला की बोरॉन दुधाळ दिसतं. आणि कोरडी पावडर हाताळताना एन 95 मास्क लावाच. क्वार्ट्झची धूळ एकदा फुप्फुसात गेली की ती परत निघत नाही. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तपासणी सपाट टाइलवर नको, तुमच्याच मातीच्या कपावर आणि तुमच्याच भट्टीत करा; शेजारी साक्षीला कोन, म्हणजे ठरलेल्या आचेला वाकणारा छोटा सुळका ठेवा. कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, सकाळी सिंकमध्ये ठेवून त्यात उकळतं पाणी ओतायचं. असं तीनदा. मग आतून शाई फासून पुसायची. जाळं दिसलं तर ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतंय. सोडियम आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त आकसतात, त्यामुळे फेल्डस्पार कमी करा किंवा क्वार्ट्झ पाच भागांनी वाढवा, थोडा टाल्क (शंखजिरं) घाला आणि पुन्हा भाजा. माझ्या मातीला तीन फेऱ्या लागल्या. पण क्वार्ट्झ वाढवत सुटू नका. उलट्या टोकाला गेलात तर काठावरून ग्लेझच्या धारदार खपल्या सुटतात आणि त्या जेवणात पडतात. ते चिरण्याहून वाईट.

रेघा नाहीत म्हणून लगेच कुणाला देऊ नका. काही मातीत ओल मुरून ती महिन्यांनी किंचित फुगते आणि तेव्हा ग्लेझ चिरतं. माझे वाडगे तसेच गेले. निदान एक कप दोन-तीन महिने रोज स्वतः वापरा.

लिंबाची परीक्षा वाईट नाही, पण पारदर्शक ग्लेझवर रंग उतरलेला दिसणार कुठून? तिथे चमक बघायची. अर्धा कप साधारण 4 टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये तीन दिवस बुडवा, धुऊन ट्यूबलाइटखाली तिरका धरा. बुडालेल्या भागात नळीचं प्रतिबिंब पुसट झालं असेल तर ग्लेझ हरलं. दुसरा कप धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला 50 ग्रॅम, सहा तास उकळा आणि तसाच बघा.

तुम्ही भांडी विकणार असाल, किंवा पारदर्शक ग्लेझखाली लाल-पिवळे अंडरग्लेझ रंग लावत असाल, तर घरच्या परीक्षेवर थांबू नका. 4 टक्के ॲसेटिक ॲसिड भांड्यात 24 तास ठेवून शिसं आणि कॅडमियम मोजतात, तो अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून घ्या. रंग बदलला, फ्रिटचा विक्रेता बदलला किंवा माती बदलली की नव्याने घ्या. ज्या भांड्यात कुणी लोणचं घालणार आहे किंवा कोकमाचं आगळ ठेवणार आहे, ते भांडं मी अहवालाशिवाय देत नाही.