भाभा अणुसंशोधन केंद्रानं काढलेलं बियाणं किरणोत्सारी असतं का? घरात गरोदर बाई असेल तर त्या बियाण्यापासून पिकलेला उडीद खावा का?

खुशाल खावा. पिशवीतल्या दाण्यात किरण साठलेले नसतात. माझं परभणी जिल्ह्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. मृग जवळ आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

ट्रॉम्बेला, म्हणजे मुंबईतल्या या भाभा केंद्रात, होतं ते असं. कोरडं बी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांखाली ठेवतात. त्यानं डीएनएत कुठंही, कसेही बदल होतात आणि त्यातले बहुतेक बिनकामाचे असतात. ती झाडं वाढवायची, त्यांचं बी पुन्हा पेरायचं, आणि दुसऱ्या पिढीपासून हजारो झाडांत एखादं लवकर येणारं, टपोऱ्या दाण्याचं झाड हुडकायचं. पुढं संकर, मग कृषी विद्यापीठांच्या शेतांवर वर्षानुवर्षं चाचण्या. सगळं चिकाटीचं काम. किरण लागतात ते सुरुवातीच्या त्या बियाण्याला. तुमच्याकडं येतो तो त्याच्या कितीतरी पिढ्यांनंतरचा दाणा.

आणि मुळात कोबाल्टच्या गॅमा किरणांनी धान्य किरणोत्सारी होतच नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला आपण घाबरतो का? लासलगावच्या केंद्रात तर कांद्याला कोंब फुटू नये म्हणून थेट कांद्यालाच किरण देतात, आणि तोही खायला चालतो.

टीएयू-१ हा उडीद तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला हा वाण १९८५ साली आला, आणि एके काळी राज्यातल्या उडदाच्या बहुतेक रानात तोच होता. पेरणाऱ्या कितीजणांना त्याचं अणुभट्टीवाल्यांशी नातं माहीत होतं? विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हणून सभागृहात होणारी भाषणं मीही ऐकलीत. तिथं शृंखला अभिक्रियेची, म्हणजे एक अणू फुटला की पुढचे कसे फुटत जातात त्याची, चित्रं दाखवतात, मागच्या रांगेतले शेतकरी चहाची वाट बघतात. मला विचाराल तर बांधाला लागून दोन वाणांचे दोन पट्टे पेरून दाखवावेत, माणसं आपोआप थांबून विचारतात.

औंढा नागनाथजवळ लायगो नावाच्या वेधशाळेचा प्रकल्प होतोय, त्याबद्दलही असंच कानावर येतं, "मामा, तिथं अणुभट्टी बसवायलेत म्हणं." नाही हो! अणुऊर्जा विभाग त्यात आहे, केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरीही दिली, पण तिथं युरेनियम नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांमधून लेसर सोडून अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचेच अगदी बारीक हेलकावे, मोजायच्या आहेत.

तेव्हा काळजी करायचीच तर उगवणीची करा. घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पंच्याहत्तरच्या खाली कोंब आले तर ते पेरू नका. आणि पक्की पावती घेतल्याशिवाय पिशवी उचलू नका, माझ्या दुकानातूनसुद्धा.