रोज चार टोचण्या चुकतील का?

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, टाइप १ मधुमेह. दिवसाला चारदा इन्सुलिन. पेन दिसलं की रडारड. टोचणं कमी होईल का? (एक आई, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : इन्सुलिन तेवढंच लागेल, टोचणं घटेल. डॉक्टरांना इंजेक्शन पोर्टबद्दल विचारा. तो पोटावर चिकटवतात; आत मऊ नळी राहते, सुई पोर्टच्या पडद्यातून जाते, कातडीत नाही. तीन दिवसांनी जागा बदलायची. सुई ५ ते ८ मिमीचीच हवी. मुलांची नेहमीची ४ मिमीची तोकडी पडते, लांब सुई नळी फाडते. रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) वेगळं, थेट मांडीत दिलेलं बरं; म्हणजे टोचणं शून्यावर येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात, आधी कातडी कोरडी करा. खरी भीती नळी मुडपण्याची; मग इन्सुलिन आत जात नाही. साखर विनाकारण २५० च्या वर राहिली तर पोर्ट काढा, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारी आम्लं) तपासा आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारून थेट पेनने द्या.