स्टेंट टाकला, आता शुगर अन् किडनीकडंही पाहा भाऊ

भाऊ, काकांचा स्टेंट (हार्टची नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून झाला हे बरं झालं, पण आता शुगर, बीपी अन् किडनी सांभाळा, हार्टवाल्याला पुढं जो त्रास होतो तो लय वेळा या सोबतच्या आजारांनीच वाढते. शुगरवाल्याच्या दुखणं कळवणाऱ्या नसा कमजोर होतात म्हणून छातीत न दुखताही अटॅक येऊ शकते, आमच्या बाबाले ऑक्टोबरच्या उन्हात कापूस वेचता वेचता नुसता घाम अन् धाप लागली, आम्ही ऊन लागलं समजून कांद्याचा रस देत बसलो, अर्धा दिवस वाया गेला, आजही मनाला लागते ते. असं झालं तर तडक ईसीजी काढा.

गुडघे दुखले की गावात डायक्लोफेनॅकची गोळी घेतात, ती काकांना देऊच नका, किडनी अन् हार्ट दोघांनाही धोका. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) अन् क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. पाय सुजले किंवा दोन-तीन दिवसात वजन 2 किलो वाढलं तर लगेच दाखवा. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट भेटतात, आधी तिथं विचारा.