टोरोंटोला जाताना मुंबईच्या नंबरचं काय करायचं

मुलुंडहून टोरोंटोला निघताय आणि विचारताय, मुंबईचा मोबाइल नंबर ठेवू की सोडू, आणि व्हीओआयपी, एटीए, डीआयडी, पोर्टिंग यांतलं आपल्या कामाचं काय? व्हिसाबिसाचं सरकारी साइटवर सगळं आहे, ते वगळते.

नंबर अजिबात सोडू नका. आधार, बँक, डीमॅट, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग मुंबईतच सुरू करून घ्या. इथे आल्यावर ते सुरू करायला ओटीपी मागतात, आणि तो यायला रोमिंग लागतं! रिचार्ज विसरू नका. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो, मग तो दुसऱ्या कुणालातरी मिळतो. मला बँकेत नुसता पत्ता बदलून हवा होता, तर म्हणे शाखेत या. मी इथे टोरोंटोशेजारी मिसिसागात, शाखा दादरला. बाबा माझं सहीचं पत्र घेऊन उन्हातून गेले, तर ‘खातेदारच हव्यात’ म्हणून परत पाठवलं. आठवलं की अजून डोकं फिरतं.

आता शब्द. व्हीओआयपी म्हणजे आवाजाची छोटी छोटी पाकिटं करून इंटरनेटवरून पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅप कॉलही तेच करतो. एटीए ही जुना टेबलफोन राउटरला जोडणारी डबी. डीआयडी म्हणजे त्या इंटरनेट फोनला मिळालेला नंबर, ज्यावर कुणीही साध्या फोनवरून लावू शकतं. पोर्टिंग म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, पण ते देशातल्या देशात. मुंबईचा नंबर कॅनडाच्या कंपनीकडे नेता येत नाही. इथे घरी इंटरनेट फोन घेतलात तर ९११ साठी, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरसाठी, पत्ता नोंदवा आणि घर बदललं की तोही बदला. अशा फोनवरून तुम्ही कुठे आहात ते त्यांना आपोआप कळेलच असं नाही.

शाळेच्या फॉर्मवर मात्र इथलाच नंबर द्या, आणि व्हॉइसमेल रोज ऐका. माझी मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली, तरी तिला ‘इंग्रजी शिकणाऱ्यांच्या’ वर्गात बसवलं. हा निर्णय आम्हाला कळला तो व्हॉइसमेलवर, शाळेतल्या बाईंच्या हसऱ्या आवाजात. उलट फोन केला की पुन्हा व्हॉइसमेल. आज ती इथल्या पोरांसारखं बोलते, मराठीत उत्तर देत नाही, आणि मी अजून त्या बाईंशी मनातल्या मनात भांडते.

राहिला घरी आईबाबांना करायचा फोन. लेटन्सी म्हणजे तुमचा शब्द तिकडे पोचायला लागणारा वेळ. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज होतं, असं मानतात. मुंबई-टोरोंटो साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार सरळ रेषेत असती तरी साठेक मिलिसेकंद गेलेच. वाटेतल्या यंत्रांचे आणि वायफायचे वेगळे. पाकिटं मागेपुढे पोचतात तो जिटर, हरवतात तो पॅकेट लॉस. एवढ्याने दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. बाबांना वाटतं मी रुसले, मला वाटतं ते रागावले. साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकात एक जण पेंगतच असतो.

खरं सांगू? आता दोन्हीकडे फायबर आहे, आवाज लख्ख येतो. तरी ‘कधी येतेस’ वर गाडी आली की मी म्हणते, ‘बाबा, आवाज तुटतोय, नंतर करते.’ हल्ली तेही म्हणायला लागलेत.

तुमच्या आईवडिलांकडे फायबर असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावून द्या. तांब्याच्या तारेचा जुना लँडलाइन एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा. फायबरवरचा फोन घरातली वीज गेली की बंद. आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला तर हिरवं बटण कुठे सरकवायचं, हे निघण्याआधी समोर बसून शिकवा. मी ते फोनवरून शिकवलं.