सोलापुरात राज्यशास्त्रात बी.ए. करणाऱ्याला प्राध्यापक आणि राजदूत, दोन्ही होता येतं का?

हो, येतं. जीन कर्कपॅट्रिक यांचंच बघा. त्या जॉर्जटाउन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायच्या. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर सडकून टीका करणारा लेख लिहिला, तो पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगन यांच्या वाचनात आला आणि १९८१ मध्ये त्या थेट संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत झाल्या. १९८५ ला पद सोडलं आणि पुन्हा वर्गात शिकवायला गेल्या.

आपल्याकडे असा थेट प्रवेश क्वचितच मिळतो. के. आर. नारायणन आधी परराष्ट्र सेवेत होते. चीनमध्ये राजदूत, मग जेएनयूचे कुलगुरू, मग अमेरिकेत राजदूत. मला हाच क्रम तुमच्यासाठी योग्य वाटतो, कारण परराष्ट्र सेवेत जाण्यासाठीच्या यूपीएससी परीक्षेला वयाची अट आहे (खुल्या गटाला ३२), तर सहायक प्राध्यापकासाठीच्या नेट-सेट या पात्रता परीक्षांना नाही. म्हणून यूपीएससी आधी.

वैकल्पिक विषय राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हाच घ्या. त्याच्या दुसऱ्या पेपरचा अर्धा भाग भारताच्या परराष्ट्र धोरणावरच असतो, म्हणजे पदवीचा अभ्यास वाया जात नाही. मात्र रोज एक उत्तर हाताने लिहून सरांकडून तपासून घ्या. नुसत्या वाचनाने भागत नाही.

आणि सोलापूर लांब पडतं हे मनातून काढून टाका. १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. मुत्सद्दी नव्हते, डॉक्टर होते, तरी भारत-चीन संबंधांत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. त्यांचं स्मारक अजून पाहिलं नसेल तर या रविवारीच जाऊन या.